वाळ्याच्या मुळांतले रहिवासी

निसर्ग सगळं माफ करतो, असं म्हणतात. आमच्या वस्तीमागच्या बंद रंगकारखान्याच्या बाबतीत मात्र त्याला मदत लागली. तिथल्या जमिनीत मुरलेलं रसायन शेजारच्या कमलताईंच्या विहिरीत उतरलं होतं. कॉलेजातल्या एका मॅडमनी त्या जागेवर वाळा लावला. त्याच्या मुळांच्या आत जिवाणू राहतात, ते विष खातात आणि वाळा त्यांना घर देतो, एवढं कमलताईंना समजलं होतं. तीन वर्षं त्या वाळ्याला पाणी घालून विहिरीत डोकावत. वास जरा कमी झाला होता.

परवा या प्रकल्पाचा गौरव समारंभ होता. मांडववाल्यांनी आदल्या दिवशी जागा साफ केली.

"गवतच तर होतं, मावशी," मुकादम म्हणाला.

उपटलेली जुडी मांडीवर घेऊन कमलताई बसल्या होत्या. "आत कोणीतरी राहत होतं रे," एवढंच म्हणाल्या.

 जे दिसतच नाहीत, त्यांना बेघर केलं अशी तक्रार कुठे करायची? आणि विहिरीला काय सांगायचं?

समारंभात पाहुण्यांनी त्याच जागी अशोकाचं रोप लावलं. ते कुंडीसकट होतं. टाळ्या संपल्यावर टेम्पोतून परत गेलं.