पिवळ्या काठाचा मिठाचा खडा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोसायटीत कुणी चकव्याची गोष्ट काढली की पहिला हसतो तो मीच. तरी लिहितोय... कारण आता घरचे मला हसतात.

आम्ही कोपरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी घरची मिठागरं होती, आता तिथे टॉवर. एक प्रथा तेवढी उरलीय – दर उन्हाळ्यात येऊरच्या डोंगरात हरणांसाठी मिठाचा मोठा खडा ठेवायचा. तोही वरच्या पाणवठ्याशी, जिथे गुरं पोचत नाहीत. वडील तसं बजावून गेलेले. दोन वर्षांपूर्वी मी कल्याणहून खडा आणला, बायकोच्या जुन्या साडीचा पिवळा काठ त्याला बांधला आणि निघालो. अर्ध्या चढातच गुडघ्यांनी संप केला. मग खडा खालच्याच कातळावर ठेवला, वडापाव खाल्ला आणि घरी येऊन "वर ठेवला" असं ठोकून दिलं.

महिन्याभरात महेशचे फोन सुरू झाले. महेश माझा मेव्हणा, येऊरलाच वनरक्षक. चितळांना लाळ्या-खुरकूत झालेला, म्हणजे गुरांचा रोग. तोंडाला फेस, खुरांना जखमा. रोज एखादं मेलेलं सापडायचं. गुरं त्यांच्यात फिरकत नाहीत, मग लागण येते कुठून? त्यात कळपात गाभण माद्या. महेश भरल्या ताटावरून उठायचा. मी फोनवर हळहळायचो... डोक्यात काही शिरलं नाही, हे नेहमीचंच.

एका सकाळी बायकोने दुधासाठी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर तोच खडा. चाटून चाटून मधे वाटीसारखा खोल झालेला, अजून ओला. पिवळा काठही तसाच.

"अहो, तुम्ही हा वर ठेवलेलात ना?"

मी उगाच चष्मा पुसत बसलो. शेवटी महेशला फोन करून सगळं कबूल केलं. त्याने कुठला कातळ ते दोनदा विचारून घेतलं.

"दाजी, त्या कातळावर गावची गुरं बसतात."

म्हणजे मिठाच्या ओढीने हरणं खाली उतरत होती आणि आजारी गुरांनी चाटलेलाच खडा चाटत होती. महेशने येऊन तो खडा नेला, खोल पुरला, जाताना मला माझी लायकी सांगितली. मग कातळ धुतला, गुरं अडवली, त्यांच्यावर उपचार करवले. काही दिवसांत लंगडणं कमी झालं, मरणं थांबलं.

खडा आणला कुणी? सोसायटीच्या कॅमेऱ्यात फक्त पेपरवाला दिसतो, तोही हातात फक्त पेपर घेऊन येताना. आणि मी तो खाली ठेवलाय हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मला आजही काही उलगडलेलं नाही.

चार महिन्यांनी महेशने आम्हाला डोंगरावर नेलं. समोर गवतात ठिपकेदार पिल्लं नुसती उधळत होती. बायको तोंडावर पदर धरून हसत होती. मी पुन्हा खड्याचा विषय काढला.

महेशने दुर्बीण डोळ्यांवरून हलवली नाही. "गप्प बसा हो दाजी," तो म्हणाला, "सातवं दिसतंय."