पाचोडच्या बाजारात फ्लोरीन

फळ्यावर लिहिता लिहिता सर मध्येच थांबत, खडू कानावर अडकवत आणि म्हणत, "थांबा. हे मी पाठ केलेलं सांगतोय. मला कळलेलं नाही."

असे शिक्षक तुम्ही किती पाहिलेत? मी एकच पाहिले. शहरात, औरंगपुऱ्यातल्या चपलांच्या दुकानावरच्या खोलीत ते बारावीला रसायनशास्त्र शिकवत. पालकांना त्यांचं ते वाक्य मुळीच आवडत नसे. दोघंतिघं मुलं दुसऱ्या क्लासला गेलीही. सर म्हणाले, "जाऊ द्या. तिथं पंखा चांगलाय."

मी पाचोड गावच्या मेंढपाळाची मुलगी. उस्मानपुऱ्यात मावशीकडे राहायची आणि वर्गात तोंड उघडायची नाही. त्या दिवशी सर दुबळी आम्लं शिकवत होते. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लात ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन सहजी सुटत नाही. पण शेजारच्या कार्बनवर क्लोरीन बसवला, की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, हायड्रोजन लवकर सुटतो आणि आम्लाचा जोर वाढतो. फ्लोरीन बसवला तर आणखीच, कारण त्याची ओढ सगळ्यांत जास्त.

कशी कोण जाणे, मी उभी राहिले. "मग सर, नुसत्या फ्लोरीनला हायड्रोजन जोडला तर ते आम्ल दुबळं का? क्लोरीनचं तर जहाल असतं."

सरांनी उत्तर सुरू केलं, थांबले, खडू कानावर गेला. "शोधून सांगतो."

त्याच आठवड्यात आई घसरून पडली, पाय मोडला. मेंढरं राखायला माणूस नव्हतं, म्हणून मी गावी गेले. दोन महिन्यांनी आई चालायला लागली, पण मला कुणी 'परत जा' म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही. खरं सांगायचं तर बुडालेल्या अभ्यासाची धास्तीच बसली होती.

एका आठवडी बाजारात मी अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, कोकरं घेऊन बसले होते. गर्दीतून घामाघूम झालेले सर आले. पत्ता मावशीनं दिला होता.

"तुझं उत्तर सापडलं," ते म्हणाले. नमस्कार नाही, चौकशी नाही. अण्णांनी अंथरलेल्या पोत्यावर बसून त्यांनी खिशातला कागद उलगडला. "दोन वेगळ्या गोष्टी मी एकच समजत होतो. तिथं, व्हिनेगरच्या आम्लात, फ्लोरीन लांबून ओढतो, म्हणून ऑक्सिजनची पकड सैल होते. इथं हायड्रोजन थेट फ्लोरीनच्याच हातात. फ्लोरीन लहान, त्याची पकड घट्ट. क्लोरीन मोठा, त्याची ढिली."

कोकराची दोरी धरून अण्णा ऐकत होते. "म्हंजे गडी त्योच. पन कुठं बसलाय, त्याच्यावर हाय सगळं."

"बघा!" सर खूश झाले. "मला दोन महिने लागले."

"एवढंच सांगाया आलात व्हय?"

"प्रश्न तिचा होता. इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता."

मला परत पाठवा, असं ते एका शब्दानंही म्हणाले नाहीत. चहा घेतला, कागद माझ्या हातात दिला आणि जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले.

मागच्या वर्षी सर वारले. त्यांच्या खोलीत आता शिवणक्लास चालतो आणि मी एका कॉलेजात हीच आम्लं शिकवते. पण सर म्हटलं, की मला त्या बाजारानंतरची संध्याकाळ आठवते. मेंढरं कोंडून अण्णा ओट्यावर बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मेंढराचं मी बघतो. सकाळची येष्टी किती वाजता हाय?"