कुलपातलं तेल

लॉकडाऊन उठल्यावर नांदेडच्या कॉम्प्लेक्समधला माझा झेरॉक्सचा गाळा सोडायलाच मी आलो होतो. कुलूप गंजलं असणार म्हणून हातोडीही आणली होती. किल्ली फिरवली, तर ते खटकन उघडलं. मागे कॉम्प्लेक्सचा म्हातारा वॉचमन शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन उभा.

“दर सोमवारी समद्या कुलपांत दोन थेंब सोडून राहिलो, सर.” बाटलीचं तोंड त्यानं बाहीला पुसलं.

“मालक कंपनीनं सांगितलं होतं?”

“न्हाई. कंपनी म्हणली, धंदा लागेपर्यंत अर्धंच भाडं घेऊ. तेल माझं हाय.”

मला एकदम हलकं वाटलं. शटर वर करून झेरॉक्स मशीनवरची धूळ पुसायला काहीतरी शोधू लागलो, तर त्यानं खांद्यावरचं फडकं आधीच पुढे केलं होतं.