झिंकचं मलम

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि डायपरमुळे त्यांची कमरेखालची कातडी लालेलाल झाली. निफाडच्या मेडिकलमधून मी झिंकचं मलम आणलं. पांढरं, घट्ट, बोटाला लागलं की साबणानेही लवकर न निघणारं. भेटायला येणाऱ्या बायका खोबरेल लाव म्हणायच्या, हळद लाव म्हणायच्या. कूस बदलायला मात्र एकीनेही कधी हात लावला नाही.

सासूबाईंचा उभा जन्म द्राक्षाच्या बागेत गेलेला. लाज वाटायची म्हणून की काय, मी मलम लावत असताना त्या भिंतीकडे तोंड करून बागेचंच बोलत राहायच्या. छाटणी कुठवर आली, घड कसे सुटलेत, फवारणी झाली का. मी जागा मऊ फडक्याने टिपून कोरडी करायचे आणि मगच मलम लावायचे. माझा हात जरा जड पडला की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. "दुखलं का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाय गं." मग मी त्यांच्या उत्तरावर नाही, बोलण्यावरच कान ठेवायला शिकले.

त्या गेल्या त्या सकाळी आम्ही बायकांनी त्यांना शेवटची अंघोळ घातली. कमरेखालचं मलम काही जाईना. पाणी त्याच्यावरून नुसतं ओघळत होतं. शेजारच्या काकूंनी साबण घेतला आणि घासायला लागल्या.

मी काकूंचा हात धरला.

"घासू नका," मी म्हणाले. "दुखलं तरी त्या सांगत नाहीत."