शेपटीच्या चाकाची साखळी

चौसाळ्याचे एक मिस्त्री एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतात. माझ्या नवऱ्याने शेतातल्या शेडमध्ये छोटं विमान बांधलंय, त्याचं शेपटीचं चाकही तेच बघतात. आधी साबणाने हात धुतात, मग उताणे पडून चाकाला विचारतात, "कावून रुसलंस बे?"

चाक वळवणाऱ्या दोन्ही साखळ्या ते जराशा ढिल्या ठेवत. मला ढिलं काही बघवत नाही. त्यांच्या माघारी मी एकेक कडी कमी करून साखळ्या ताणल्या आणि टोकं तारेचा पीळ देऊन बांधली.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर नवऱ्याने पायाचं पेडल जरासं दाबताच विमान गर्रकन वळलं आणि बांधावर चढलं. पंखाचं टोक चेपलं.

"काय बघता हो तुम्ही?" नवरा चारचौघांत मिस्त्रींवर ओरडला.

मिस्त्री चाकाशी बसले. मी डावखुरी, त्यामुळे तारेचा पीळ उलटा होता. त्यांनी तो बोटाने चाचपला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं, सायेब."



आता काम संपलं की ते मला हाक मारतात. "ताई, हात लावून बघा. एवढं ढिलं लागतंयच."

नवरा शेजारीच उभा असतो, त्याला अजून काही ठाऊक नाही. मी हात लावते आणि नुसतं बरं म्हणते.