सोनेरी महालातली ओली फरशी

आधी शमीमआपांचं नाव लिहिते. त्या नसत्या तर ही नोकरी राहिली नसती. पुढं सांगतेय असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... सातवीत शाळा सुटली माझी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गडचिरोलीकडची. मागच्या उन्हाळ्यात इथं छत्रपती संभाजीनगरला, सोनेरी महालात साफसफाईला लागले. राजांनी हौसेनं बांधलेला महाल, आता म्युझियम. आठ दिवस काम बघून सुपरवायझर सर ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. आपा तिथल्या जुन्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वरके हॉल में पानी नक्को मारना. दीवार का रंग जाता. सूखा कपड़ा, बस."

आठव्या दिवशी दुपारी वरच्या हॉलमध्ये एकटीच होते. फरशी निम्मी झाडून झाली आणि खांबाला टेकले. डोळा लागला... कारंज्याचा आवाज येत होता. बांगड्या वाजल्या. ओल्या वाळ्याचा वास आला. इतकं गार, की घर सोडल्यापासून पहिल्यांदा छातीतली धडधड थांबली.

जाग आली तर सगळी फरशी ओली – फक्त भिंतींपासून वीतभर कोरडी सोडलेली, चारही बाजूंनी सारखी.

आणि दारात सर.

"पाणी? इथं? सांगितलं नव्हतं का गं तुला?"

मागून आपा आल्या. "मैंने मारा साब. भूल गई."

"आपा, तुम्ही? इतकी वर्षं झाली की तुम्हाला."

"बुढ़ापा है साब. तुमकू भी आएंगा."

सर हसले. "बरं, पुन्हा नको," म्हणाले आणि जाताना मला, "उद्या वेळेवर ये."

ते गेल्यावर आपांनी विचारलं, "पानी कहाँ से लाई गे? नल तो पाँच दिन से सूखा."

मी बादली दाखवली. सकाळी ठेवलेली फडकी तशीच, कोरडी. आपा वाकल्या, फरशीला बोट लावून हुंगलं. मग म्हणाल्या, "नींद अच्छी लगी ना?"

"लागली."

"बस फिर."

वर टाकी नाही, पाऊस नव्हता. पाणी कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही. पण न विचारता माझी चूक स्वतःवर कोणी घेतली ते कळतं. आपांना एकदा आमच्या गावी वैनगंगेवर न्यायचंय. दिवसभर काठावर बसवीन, कामाला हात लावू देणार नाही. नेईनच.