बोंड छापवाले खलिफा

कापडाचं ठाण समोर उलगडलेलं असायचं, कात्री हातात असायची, आणि खलिफा थांबलेले असायचे. मी गिऱ्हाइकाशी बोलत असलो तरी आतून विचारणा यायचीच, "भाऊ, हे कोनाच्या आंगाले?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माझं दुकान तयार कपड्यांचं. बंडी शिवून टांगून ठेवायची, ज्याला बसेल तो घेऊन जाईल. मी म्हणायचो, "जो घेईल त्याच्या." ते त्यांना चालत नसे. "जो घेईन तो म्हंजे कोन? मोटा हाय का बारीक हाय? उभा कसा रायते? मले मानूस दिसला पायजे, तवा कात्री चालते." शेवटी मी काहीतरी ठोकून द्यायचो. वलगावचा एक गाडीवान आहे, पाठीत जरा वाकलेला, उजवा खांदा खाली. खलिफा डोळे मिटून तो माणूस बघायचे, मान हलवायचे आणि मग कापडावर कात्री चालायची.

आमच्याकडे मुसलमान शिंप्याला मानानं खलिफा म्हणतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मीही मारली नाही.

ती वर्षं कापसाची होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेला जो मिळेल तो कापूस हवा होता. तेव्हा अमरावतीला आम्ही उमरावती म्हणत असू. बाजारात गाड्यांमागे गाड्या उभ्या असत; बैलांच्या घंटा, मापाऱ्यांची ओरड आणि हवेत तरंगणारा कापूस. मी नांदगाव खंडेश्वरचा. घरी काळी जमीन होती, भाऊ होते. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि मग त्या घरात माझं मन लागेना. शेत भावांवर सोडून मी उमरावतीला आलो आणि बाजाराच्या कडेला हे लहानसं दुकान थाटलं. लांबून आलेले गाडीवान, हमाल, गठ्ठे बांधणारे यांना कापड घेऊन शिंप्याच्या पायऱ्या झिजवायला वेळ नव्हता. त्यांना हातोहात बंडी हवी होती.

कापड मिळायचं, शिवणारा मिळत नव्हता. हातात पैसा खेळू लागलेल्या घरांनी गावातले सगळे शिंपी अडकवून ठेवले होते. कोणीतरी सांगितलं, नाल्याकडच्या मशिदीमागं एक म्हातारा राहतो, पूर्वी एलिचपूरच्या छावणीत पलटणीचे डगले शिवायचा, आता कोणाकडे जात नाही. मी गेलो. ते दारात बसून स्वतःच्याच सदऱ्याला ठिगळ लावत होते. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरी बसून शिवनार नाई. तुमच्या दुकानात बसू द्यान का? आवाज असते तिथं." एवढी एकच अट त्यांनी घातली.

ते कापायचे, मोहल्ल्यातल्या बाया घरी नेऊन शिवायच्या, आणि आलेला प्रत्येक नग खलिफा उलटा करून बघायचे. टाका सैल असला तर रागवायचे नाहीत. शिवण उसवायचे आणि त्या बाईसमोर पुन्हा घालायचे.

दुपारी दुकानात आम्ही दोघंच असू. त्या काळी त्यांनी आणि मी एकत्र बसून जेवणं शक्य नव्हतं. ते त्यांची भाकर तिकडं तोंड करून खायचे, मी माझी इकडं. पाठीला पाठ लावून आम्ही जेवायचो, आणि त्या जेवणात खलिफा बोलायचे. सकाळी कापलेल्या बंडीचा माणूस आता कुठं असेल, त्याला सून कशी मिळाली, त्याचा बैल कसा मारका आहे. मी कल्पनेनं सांगितलेल्या माणसांना त्यांनी घरदार दिलं होतं. "तुमच्या त्या वाकलेल्या गाडीवानाले आता नातू झाला," असं ते एकदा म्हणाले आणि खुशीत हसले. मीही हसलो. संध्याकाळी ते मशिदीमागच्या खोलीत जायचे, मी माझ्या खोलीत. दोन्हीकडे कोणी नसायचं.

त्यांची खरी माणसं कोण, ते मला फार उशिरा कळलं. बायको आजारी पडली तेव्हा खलिफा छावणीत होते. पलटण कूच करणार होती आणि डगले पुरे करायचे होते. निरोप आला, यांनी उलट निरोप धाडला की काम उरकून येतो. ते पोचले तेव्हा मूठमाती देऊन झाली होती. आईजवळ जैनब, त्यांची एकुलती एक मुलगी, एकटीच होती. ती बापाला काही बोलली नाही. पुढं तिचं लग्न झालं, ती अकोल्याला गेली, आणि जाणं-येणं थांबलं. नात झाल्याचंसुद्धा त्यांना कोण्या गाडीवानाकडून कळलं. "तिनं भांडन केलं असतं तं बरं झालं असतं," खलिफा म्हणाले. "भांडनात मानूस बोलते तरी."

दरम्यान बाजारात दुसरीही दुकानं निघाली होती. दोन महिन्यांत उसवणाऱ्या बंड्या लोक माझ्याकडे आणून टाकू लागले, आणि त्या माझ्या नव्हत्याच. विलायती कापडावर चित्राची तिकिटं चिकटवलेली यायची, कुठं वाघ, कुठं मोर. लोक वाचत नसत, चित्र बघून कापड मागत. मी ठरवलं, आपल्या कपड्यालाही छाप हवी. फितीच्या तुकड्यावर चित्र उठवायचं आणि तो बंडीत शिवायचा. खलिफांना हे आधी रुचलं नाही. "माहा टाका वळखत नाई का कोनी?" मग म्हणाले, "बरं. पन गळ्याशी नोका लावू. घामानं टोचते. बगलेच्या शिवनीत दाबून देतो."

लाकडी ठसे कोरणारा चांगला कारागीर अकोल्याला होता. मी निघालो तर खलिफा म्हणाले, मीही येतो. त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं. कापसाच्या गाड्यांबरोबर आम्ही गेलो. एका मुक्कामी गाठोडं सोडून त्यांनी मला आतलं दाखवलं: हिरव्या कापडाचा लहान मुलीचा कुडता, गळ्याला बारीक कशिदा. "माप मालूम नाई," ते म्हणाले. "अंदाजानं कापला." दुसऱ्या कोणासाठी ते अंदाजानं कधी कापत नसत.

कारागिरानं कापसाचं उमललेलं बोंड कोरून द्यायचं कबूल केलं. ठसा होईपर्यंत आमच्याकडे वेळ होता. खलिफा म्हणाले, "चला ना भाऊ. मी एकटा नाई जात." मोर्णा नदीकाठच्या एका गल्लीत त्यांनी दाराची कडी वाजवली. दार जैनबनंच उघडलं. उंच बाई, बापासारखंच नाक. मागं एक पोर तिची ओढणी धरून उभी होती.

"अब्बा," ती म्हणाली. "अब कैसे आए?"

मला आजही वाटतं, त्या क्षणी ते दुसरं काहीही बोलले असते तरी चाललं असतं. पण ते गोंधळले. दार उघडेल असंच बहुधा त्यांना वाटलं नव्हतं. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इनके ठसे का काम था. काम से आया था, तो..."

जैनबचा चेहरा मिटला. "काम से आए ना? तो काम कर लेओ." आवाज चढवलेला नव्हता. खलिफांनी गाठोडं पुढं केलं. ती घेईना, तेव्हा त्यांनी ते उंबऱ्यावर ठेवलं आणि वळले. गल्लीच्या तोंडाशी मी मागं बघितलं. दार लागलं होतं. उंबऱ्यावर गाठोडं नव्हतं. मी त्यांना ते सांगितलं, पण त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

परत आल्यावर त्यांनी कापड कोणाच्या अंगाचं हे विचारणं सोडलं. ठाण उलगडायचं आणि कापायचं. बोंडाची छाप चालली. चांदूरपासून मोर्शीपर्यंतचे लोक येऊन "बोंडवाली बंडी दाखवा" म्हणू लागले. मोहल्ल्यातल्या आणखी बाया कामाला लागल्या. दुकान भरलेलं असायचं आणि मला ते रिकामं वाटायचं. जेवताना पाठीमागून फक्त भाकर मोडल्याचा आवाज यायचा. एकदा मीच म्हणालो, "खलिफा, ही बंडी तिवश्याच्या एका तेल्यासाठी आहे, जरा पोट सुटलंय त्याचं." ते म्हणाले, "राहू द्या भाऊ. कोनी बी घालीन."

पावसाळा सरल्यावर अकोल्याचा एक गाडीवान दुकानात आला आणि त्यानं एक फडकं पुढं टाकलं. आत हिरवा कुडता होता. धुतलेला, वापरलेला. खलिफांनी तो मांडीवर घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. परत पाठवला असंच त्यांना वाटलं. गाडीवान म्हणाला, "बाईनं सांगतलं हाय, बाह्या आखूड व्हऊन राहिल्या. वाढवून द्या." कुडत्यात एक दोरा गुंडाळलेला होता. त्याला मापाची गाठ मारली होती, पोरीच्या खांद्यापासून मनगटापर्यंतची.

खलिफा तो दोरा दोन्ही हातांत ताणून बसून राहिले. मग माझ्याकडे धरून म्हणाले, "बघा भाऊ. एवढी झाली." रडता रडता ते हसत होते. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कोणाचंही कापड कापलं नाही. हिरव्याला हिरवं मिळेना म्हणून बाजारभर हिंडले. रंगारी म्हणाला, नवं कापड जुन्याशी जुळणार नाही. तेव्हा त्यांनी जोडावर कशिदा घातला आणि जोड झाकला.

मग हे चालूच राहिलं. अकोल्याहून कपडे यायचे, दुरुस्त होऊन जायचे. कधी जावयाचा सदरा, कधी पोरीचा पायजमा. सोबत दोरा असायचा. त्याखेरीज शब्द नसायचा, यांच्याकडूनही नसायचा. पण दुपारचं बोलणं परत आलं. आता त्यात मी सांगितलेली माणसं नसत. नात कशी पळत असेल, गुडघ्याशी पायजमा इतका कसा फाटतो, ती झाडावर चढते की काय, हेच. मी ऐकायचो. ती माझीही कोणी लागते असं मला वाटायला लागलं होतं.

तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. बाजार ओस पडला. गाडीवानांच्या हातात बंडीला पैसा उरला नाही. बायांचं काम मला थांबवावं लागलं. खलिफांना मी काही बोललो नाही. तेच रोज येऊन बसायचे आणि टांगलेले कपडे झटकून पुन्हा टांगायचे.

अशा एका सकाळी जैनब स्वतः आली. नवरा आणि पोर बाहेर टांग्यात होते. अकोल्यातला नवऱ्याचा कापसाचा धंदा बसला होता आणि मुंबईच्या गोदीवर त्याला काम मिळालं होतं. ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. खलिफा उठले, आणि आत बोलवावं की आपण खाली उतरावं हे न कळून मध्येच थांबले. ती म्हणाली, "अब्बा, हम बंबई जा रहे. वहां मुझे कपड़े कौन सी के देगा?"

खलिफांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमचं कसं व्हईन?"

मी म्हणालो, "काम कुठं उरलंय, खलिफा? जा तुम्ही." ते खरंच होतं. काम नव्हतं. त्यांना तेवढंच कारण पुरलं. पोर टांग्यातून उतरून आत आली होती आणि टांगलेल्या बंड्यांच्या बगलेत हात घालून बोंडं बघत होती. खलिफांनी तिला उचललं. तिचं वजन किती ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते एक पाऊल मागं गेले आणि सावरले.

बडनेऱ्यापर्यंत तेव्हा आगगाडी आली होती. मी पोचवायला गेलो. खलिफा आधी कधी आगगाडीत बसले नव्हते. डब्यात चढल्यावर ते खिडकीतून सांगत राहिले: खालच्या फळीवरच्या बंड्यांना कसर लागेल, ऊन दाखवा, मोहल्ल्यातल्या अमुक बाईचा टाका चांगला आहे, बाजार सावरला की तिला आधी बोलवा. मी हो हो म्हणत होतो. गाडी हलली तेव्हाही ते सांगतच होते, पण मला काही ऐकू आलं नाही.

बाजार पुढं हळूहळू सावरला. मी त्याच बाईला बोलावलं. दुकानात कापायला दुसरा माणूस ठेवला. तरुण, हुशार, हात भरभर चालायचा. दुपारी तो जेवायला घरी जायचा.

काही वर्षांनी मुंबईहून कापूस बघायला आलेला एक दलाल खलिफांच्या तोंडून ऐकलेली छाप ओळखून दुकानात शिरला. तो त्यांच्याच चाळीत राहत होता. त्यानं सांगितलं, म्हातारे गेले, मागच्या रमजानच्या आसपास. मी विचारलं, "जवळ कोण होतं?"

"सगळे होते," तो म्हणाला. "लेक होती, जावई होता. नात तर उशाशीच बसून होती."

"बरं झालं," मी म्हणालो, आणि खरंच मला बरं वाटलं. त्याला एक बंडी दिली, पैसे घेतले नाहीत. दुकान जरा लवकर बंद केलं. ही गोष्ट कोणाला तरी सांगावी असं फार वाटत होतं. घरी आलो, चूल पेटवली आणि एकट्यापुरतं पीठ मळायला घेतलं.